दाखल्यावरचे गाव

खानापुरात गेल्या महिन्यात लग्न झालेल्या माझ्या पुतण्याने आपला विवाहाचा दाखला हातकागदावर, वेलबुट्टीच्या चौकटीत, सुंदर देवनागरी अक्षरांत एका चित्रकाराकडून लिहून घेतला आणि घरात वाद पेटला. त्यावर ‘जिल्हा बेळगाव’ असे लिहिले आहे. २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’ आहे, असे धाकट्या भावाने सुचवताच थोरल्या काकांनी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सगळा इतिहास उगाळला. त्या वेलबुट्टीकडे कोणीच पाहिले नाही, याचीच मला चीड आली.

इथे फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात पेनसिल्व्हेनियातील जर्मनांची फ्राक्टुर चित्रे, म्हणजे हाताने लिहून रंगवलेले घरगुती कागद, आहेत. त्यांत जन्म-बाप्तिस्म्याचे दाखले पुष्कळ, विवाहाचे त्या मानाने थोडे. पण मोडक्या वळणाची अक्षरे, ट्युलिप, बदाम आणि जोडीने बसलेले पक्षी तेच. राज्यकारभार इंग्रजीत चालत असताना ही माणसे घरचा कागद जर्मनमध्ये रंगवत होती आणि त्याने कोणाची सीमा हलली नाही. (पहिल्या महायुद्धात इथे जर्मन भाषेचे काय हाल झाले, ते मी काकांना सांगितलेले नाही.) ज्यूंचा केतुबा तर परंपरेने अरामी भाषेत असतो. पतीने पत्नीला काय देणे लागते, याचा तो करारनामा. लग्नात मोठ्याने वाचला जातो आणि पत्नीच्या ताब्यात राहतो. इटलीत सतराव्या-अठराव्या शतकांत असे व्यवहारी कागद चर्मपत्रावर इतक्या हौसेने रंगवले गेले की आज ते संग्रहालयांत आहेत.

हे सारे मी काकांना मोठ्या तोऱ्यात लिहिले. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पद्धतीने झालेल्या लग्नात दाखल्याखाली सर्व पाहुण्यांबरोबर मीही सही केली, तीही देवनागरीत, आणि कोणी हरकत घेतली नाही, हेसुद्धा लिहिले. ही कोणती लिपी, हेही कोणी विचारले नाही, एवढे मात्र गाळले. त्या दिवशी तो मला उदारपणा वाटला होता. हल्ली वाटते, त्यांना त्याचे काहीच नव्हते. काका निदान एका अक्षरासाठी रात्रभर जागतात.

माझा स्वतःचा दाखला कन्नडमध्ये आहे. व्हिसासाठी केलेल्या इंग्रजी भाषांतरासह तो प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे; चौकटीत बसवावा, असे कधी मनातही आले नाही. काल पुतण्याला विचारले, तुझ्या दाखल्यावर माझ्या सहीसाठी जागा उरली आहे का. तो म्हणाला, “आहे की काका, पण सगळ्यांनी सहीपुढे आपापले गाव लिहिले आहे.”