आठ पॉइंट म्हणजे आठ दिवस नव्हेत!

दर पंधरवड्याला सोमवारी आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या सॉफ्टवेअर कार्यालयात स्प्रिंट प्लॅनिंग (पुढच्या पंधरवड्याच्या, म्हणजे 'स्प्रिंट'च्या, कामाचे नियोजन) नावाचा जो प्रकार चालतो, त्याचा मला आता मनापासून वीट आला आहे. १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे, म्हणजेच स्टोरी पॉइंट, दाखवून आम्ही कामाच्या आकाराचा अंदाज सांगायचा, आणि मॅनेजर साहेबांनी त्याच क्षणी एक्सेलमध्ये प्रत्येक पॉइंटला आठ तासांनी गुणून मोकळे व्हायचे. काम जितके मोठे तितका अंदाज ढोबळ, हे मान्य करण्यासाठीच आकड्यांमधले अंतर वाढत जाते. तासच मोजायचे होते, तर ६ आणि ७ ने कोणाचे काय घोडे मारले होते?

आमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट, ३२ आणि शेजारच्या टीमची ४५, म्हणून 'तुम्हीही ४५ करा' असे फर्मान निघाले. त्यांची वीत वेगळी, आमची वीत वेगळी, हे परोपरीने सांगून झाले. अखेर काल ३ चे असलेले काम आम्ही ५ चे म्हणू लागलो आणि दोन स्प्रिंटमध्ये ४७ वर पोहोचलो. माणसे तीच, काम तेवढेच. शाबासकी मात्र मिळाली!

गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, हे आपण नाशिककर पाहतो. पूर ओसरल्याचे दाखवण्यासाठी मारुतीलाच वर उचलावे, असे आजवर कोणाला सुचलेले नाही. आमच्याकडे ते सुचते. टेस्टिंग झाल्याशिवाय काम पूर्ण धरायचे नाही, त्यामुळे बर्नडाउनची, म्हणजे उरलेल्या कामाच्या आलेखाची, रेघ नवव्या दिवसापर्यंत आडवी राहते. मग ती खाली दिसावी म्हणून अर्धवट कामे 'डन'मध्ये ढकलायला लावतात, आणि तीच कामे पुढच्या स्प्रिंटमध्ये बग होऊन परत येतात. बगला पॉइंट नाहीत, कारण ती म्हणे आमचीच चूक.

ही स्प्रिंटची पद्धत ज्या स्क्रममधून आली, त्याच्या अधिकृत पुस्तिकेने, म्हणजे स्क्रम गाइडने, २०११ मध्येच स्प्रिंटच्या कामाबाबत 'वचन' हा शब्द काढून 'अंदाज' हा शब्द घातला, आणि २०२० च्या आवृत्तीत तर स्टोरी पॉइंटचा उल्लेखही नाही. गेल्या रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या आढावा बैठकीत, हे सारे मी शांतपणे मांडले. त्यावर 'अंदाज अधिक अचूक करणे' असे नवे काम माझ्याच नावावर बोर्डावर लागले, आणि त्याचे किती पॉइंट धरायचे, असे मलाच विचारण्यात आले.