‘जित्याची खोड’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा आजार नव्हे, स्वभाव आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. थेरपीने अशी माणसं आणखी चलाख होतात. वेळीच नातं तोडा.’ हा मेसेज खूप फिरतो. पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे विचार करण्याची, भावना हाताळण्याची आणि नाती जपण्याची पद्धतच दीर्घकाळ त्रासदायक होऊन बसणं. ज्यांच्याविषयी तो आहे, त्यांच्याही फोनवर तो पोचतो. म्हणून हे उत्तर.

खोड जात नाही? हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९२ मध्ये बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना टोकाच्या आणि नाती अस्थिर असणारा प्रकार) असलेल्या २९० जणांचा अभ्यास सुरू केला आणि दर दोन वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी केली. सगळे दाखल करावे लागलेले, म्हणजे त्रास साधासुधा नव्हता. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांना निदानाचे निकष किमान सलग दोन वर्षं लागू होईनासे झाले. स्वतःला इजा करणं, जीव द्यायला धावणं हे आधी ओसरलं. आतली पोकळी, आपल्याला टाकून देतील ही भीती मात्र रेंगाळली. नोकरी आणि नाती दोन्ही नीट सांभाळण्याइतकं सावरणं निम्म्यांनाच जमलं. लक्षणं गेली तरी आयुष्याची घडी बसायला वेळ लागतो, आणि तिथेच घरच्यांची साथ सर्वांत जास्त लागते.

मार्शा लिनहान यांना १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं. स्वतःला चटके देणारी, कापून घेणारी, एकांत कोठडीत भिंतीवर डोकं आपटणारी मुलगी. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती त्यांनीच घडवली. या पद्धतीने रुग्णांचं स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटतं, हे १९९१ च्या चाचणीत दिसलं. २०११ मध्ये त्याच रुग्णालयात उभं राहून त्यांनी आपली कहाणी सांगितली. हिला खोड म्हणायचं?

‘चलाख होतात’ या समजाला बळ मिळालं ते कॅनडातल्या ओंटारिओच्या एका बंदिस्त मनोरुग्णालयातून. गंभीर गुन्हे केलेल्यांवर तिथे १९६०-७० च्या दशकांत एलएसडी देऊन, नग्न बसवून ‘उपचार’ झाले. त्यातले सायकोपॅथ म्हणून गणलेले लोक सुटल्यावर जास्त हिंसक निघाले. पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या समाजविघातक (अँटिसोशल) प्रकारावर आजही खात्रीचा उपचार नाही, हे मान्य. पण तिथला निष्कर्ष पुण्यात समुपदेशकाकडे जाणाऱ्या मुलीला लावणं हा सरळ अन्याय आहे.

आणि नातं तोडणं. मारहाण होत असेल, जीव गुदमरत असेल, तर जरूर दूर व्हा. त्यासाठी कुणाची परवानगी नको. पण ‘तू कधीच बदलणार नाहीस’ हे वाक्य जाताना बोलू नका. ते खोटं आहे, आणि ऐकणारं माणूस आधीच कड्यावर उभं असू शकतं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.