दोनशेत दोन म्हणजे एक टक्का?

नमस्कार. आपला आक्षेप असा: ‘दोनशे कुष्ठरुग्णांचा एमडीटीचा (अनेक औषधांच्या एकत्र उपचाराचा) कोर्स पुरा झाला, पाच वर्षांत दोघांचा रोग उलटला (पुन्हा उद्भवला), सरळ एक टक्का. रुग्ण-वर्षांचा घोळ कशाला? आणि कोर्सनंतर स्मिअर (त्वचेच्या छेदातून घेतलेल्या नमुन्याची जिवाणू-तपासणी) पॉझिटिव्ह आलेला तिसरा रुग्ण का मोजायचा नाही?’

रुग्ण-वर्षं, म्हणजे प्रत्येक रुग्ण जितकी वर्षं तपासला गेला त्यांची बेरीज, हवीत, कारण ते दोनशे जण पाचही वर्षं तपासले गेले का, हे टक्का सांगत नाही. समजा, १२० जण पूर्ण पाच वर्षं तपासले: ६०० वर्षं. ५० जण दोन वर्षांनी ऊसतोडीला, कामधंद्याला गाव सोडून गेले: १००. ३० जण पुन्हा दिसलेच नाहीत: शून्य. म्हणजे ७०० रुग्ण-वर्षांत दोन, हजारी २.९. आपल्या हिशेबाने ते हजारी २ येतं.

त्यातही सगळी वर्षं सारखी नसतात. कुष्ठरोगाचा जिवाणू दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो, त्यामुळे एमबी (अंगात जिवाणू जास्त असलेल्या) रुग्णाचा रोग उलटतो तो बहुधा बऱ्याच वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज नऊ वर्षांत ०.७७ टक्के होता. पण मालीतल्या बामाकोच्या मार्शू संस्थेत दोन वर्षं एमडीटी घेतलेल्या ३५ एमबी रुग्णांपैकी ७ जणांचा रोग उलटला. तिथे सुरुवातीचा बीआय (स्मिअरमधल्या जिवाणूंचं प्रमाण; दर पायरीला दहापट) ४ किंवा जास्त असलेल्यांना धोका मोठा होता. सगळे रुग्ण एकाच टोपलीत घातले की हाच गट झाकला जातो.

आता तिसरा रुग्ण. मेलेले जिवाणू त्वचेतून हळूहळू जातात, बीआय वर्षाला जेमतेम एकाने उतरतो. म्हणून नुसता पॉझिटिव्ह स्मिअर पुरेसा नाही. त्याच जागेचा बीआय आधीपेक्षा किमान २ ने, म्हणजे शंभरपट, वाढायला हवा. त्यासाठी कोर्स संपतानाचा स्मिअर नोंदलेला हवा, आणि तोच बहुतेक कार्डांवर नसतो! स्मिअर घेताना कानाची पाळी किंवा चट्ट्याची कड पांढरी पडेपर्यंत चिमटीत दाबून ५ मिमी लांब, २ मिमी खोल छेद घ्यायचा. चिमूट सैल पडली की रक्त मिसळतं आणि बीआय खोटा कमी येतो.

आपल्या दोघांबाबतही एक शंका आहे. जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नस दुखू लागली आणि हे कोर्सनंतर काही महिन्यांतच झालं, तर ती रिअ‍ॅक्शन (शरीराच्या प्रतिकारशक्तीने उठवलेली सूज) असण्याची शक्यता जास्त. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ती काही आठवड्यांत ओसरू लागते. रोग उलटताना नवे चट्टे सावकाश येतात. त्या दोघांच्या कार्डांवर तारखा आणि आधीचे बीआय असतील तर जरूर कळवा, हिशेब पुन्हा मांडू.