इकडं बघा, इल्ली नोड्री!

लग्नात दोघांना जेवायला सगळ्यांत शेवटी मिळतं. एक वाढपी आणि दुसरा, ज्याचा मोबाईल चांगला आहे तो. पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर नवरा-नवरीला एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावण्यात गुंतलेला असतो. मग "आमच्या घरच्यांचा एक ग्रुप फोटो काढ की रे" हे काम माझ्याकडे येतं. बेळगावात 'घरचे' म्हणजे शहापूरचे, वडगावचे, खानापूरचे, कोल्हापूरहून पहाटेच्या गाडीनं आलेले आणि हुबळीचे व्याही.

शिवाय 'एक' फोटो! ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडून २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळवलंय. माणसं विसाच्या आत असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागायचं, कमी उजेडात दोननं. तेवढे फोटो काढले की निदान एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील, याची बऱ्यापैकी खात्री. म्हणजे अठरा जणांना अंगणात सहा, कार्यालयाच्या ट्यूबलाइटखाली नऊ. उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि मिटती पापणी त्यात गावते. पन्नासच्या आसपास माणसं गेली की चांगल्या उजेडातही आशा सोडा, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं पन्नास म्हणजे नुसते चुलते.

फोटो बिघडतो तो मात्र बटण दाबायच्या आधीच, जागा निवडताना. सगळ्यांना स्टेज हवं असतं, कारण सजावटीचे पैसे भरलेले असतात. मागं एलईडीचा पडदा धगधगतोय, तोंडावर निळे-गुलाबी दिवे. पाठीमागचा उजेड जास्त म्हणून कॅमेरा चेहरे काळे करतो. निळ्या दिव्यात तर चेहऱ्याचा लाल रंग कॅमेऱ्यापर्यंत जवळपास पोचतच नाही. मग नंतर ॲपमध्ये कितीही पट्ट्या सरकवा, काका निळेच. दिवेवाल्याला दोन मिनिटं फक्त पांढरे दिवे ठेवायला सांगायचं आणि पडदा बंद करायला लावायचा. त्यावर 'शुभविवाह' लिहिलेलं असतं, त्यामुळे वधूचे मामा बंद करू देत नाहीत. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर मोबाईलला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. पडद्याचा ताल वेगळाच असतो, तिथं करूनच बघावं लागतं.

सगळ्यांना बाहेर काढता आलं तर निम्मं काम झालं. पण अक्षता पडतात दुपारी, आणि बारा-साडेबाराचं ऊन डोक्यावरून पडलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीची मिशी. आत्याला मिशी आली की दोष माझा. झाडाखाली उभं करू नका, पानांतून ऊन गळतं आणि तोंडावर कवडसे उठतात. कौलारू घराचा सोपा किंवा कार्यालयाची पडवी गाठायची. सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत उभं करून तोंडं उघड्या आभाळाकडं करायची. उजेड मऊ आणि सारखा पडतो.

आता माणसं लावणं. यात तंत्र कमी आणि पंचायत जास्त. पुढं सतरंजीवर पोरं, मग खुर्च्यांवर वडीलधारी, मागं उभे, त्यांच्याही मागं बाकावर उभी तरणी मंडळी. मागचं डोकं पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत आलं पाहिजे. सगळ्यांना सांगायचं, 'तुम्हाला मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच दिसते का? दिसत नसेल तर तुम्हीही फोटोत दिसणार नाही.' एवढं एक वाक्य मराठीत आणि "स्वल्प हिंदक्क सरीरि" (जरा मागं सरका) हे कानडीत पाठ केलं की बेळगाव जिल्ह्यात कुठलंही लग्न निभावतं. नवरा-नवरीला मध्ये बसवून त्यांच्याभोवती बाकीचे रचा, म्हणजे ऐन वेळी धावत येणाऱ्या भाऊजींना कडेला चिकटवता येतं.

पण कडेची जागा धोक्याची. सगळे मावावेत म्हणून लोक मोबाईलवर ०.५ दाबतात, आणि त्या रुंद लेन्समध्ये कडेची माणसं आडवी ताणली जातात. मध्ये बसलेले सडपातळ, कडेचे भाऊजी दोन माणसांएवढे. उपाय म्हणजे पंधरा-वीस फूट मागं जाऊन १ किंवा २ वर काढणं. मागं जायला जागा नसेल तर मुद्दाम बारीक माणसं कडेला घालावीत. कारण सांगू नये. पोर्ट्रेट मोडही बंद करा. मागची रांग म्हणजे पार्श्वभूमी असं समजून तो फेट्याचा तुरा आणि एखाद्याचा कान धूसर करून टाकतो.

मोठा कॅमेरा हाती आला तर मोह वेगळा. ५० एमएमची लेन्स एफ/१.८ वर, म्हणजे तिचं भोक मोठं उघडून, तेरा फुटांवरून फोटो काढला, तर फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट येणारी खोली जेमतेम सव्वादोन फूट. म्हणजे एकच रांग धारदार आणि बाकी घराणं धुक्यात. त्यापेक्षा ३५ एमएमची रुंद लेन्स, भोक बारीक करून एफ/८, फोकस मधल्या रांगेवर. तेवढ्याच अंतरावरून पुढची पोरं आणि मागचे बाकवाले दोन्ही टिपले जातात. शटर १/१२५ च्या खाली नको (दिव्यांचे पट्टे येत असतील तिथं १/१००), कारण पोरं हलतात आणि आजोबा खोकतात. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढला तर वाढू दे. थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

पांढऱ्याचं एक दुखणं आहे. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. पांढरी धोतरं, टोप्या आणि सदरे यांची रांग दिसली की तो फोटो काळवंडतो. गडद इरकली साड्यांची रांग असली की उलटं, चेहरे पिठात बुडवल्यासारखे. मोबाईलवर एखाद्या चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड तिथं बांधला जातो. मग पांढऱ्यासाठी पट्टी थोडी वर, गडदासाठी थोडी खाली. आणि या सगळ्याच्या आधी लेन्स पुसायची. जिलेबी खाल्लेल्या बोटाचा ठसा असला तर प्रत्येक दिव्यातून शेपट्या निघतात.

फ्लॅश? मोबाईलच्या दिव्याचा जोर सात-आठ फुटांपर्यंत. मागच्या रांगेला त्याची खबरही लागत नाही, पुढच्यांच्या जरीवर मात्र वीज पडते.

डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडा. मोबाईलचा फोटो ४:३, भिंतीवरची फ्रेम बारा बाय आठ. छापताना उंचीतला नववा भाग जातो. घट्ट काढलेल्या फोटोत एकतर फेट्याचा तुरा तरी जातो, नाहीतर पुढच्या पोरांचे पाय. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून टाकला की तो बारीक होऊन जातो. मग आठ दिवसांनी खडेबाजारातून कुणीतरी फोन करतं, 'छापल्यावर तोंडंच फुटायलीत की रे!'

शेवटी कुणाला तरी आठवतं, "अरे, तू नाहीस की फोटोत!" मग टायमर. तीन सेकंदांचा नको, दहाचा. आणि एका दमात अनेक फोटो निघतील असा लावा. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचा, तो तांब्या आधी पाण्यानं भरायचा, नाहीतर तिसऱ्या सेकंदाला आडवा होतो. आपली जागा पुढच्या रांगेच्या टोकाला आधीच राखून ठेवा. बाकावर चढायला जाऊ नका, दहा सेकंदांत होत नाही. कडेला बसायचं म्हणजे आपणही थोडे ताणले जाणारच, तेव्हा १ वरच लावा आणि पोट आत घ्या.