बिगुल त्यांचा, बक्कल नंबर आपला

कुणा नामवंताचा अंत्यविधी शासकीय इतमामात झाला, की पुण्यात वाद ठरलेला. याला बंदुकांची सलामी, आणि पंधरा वर्षं फौजेत काढून पुढे चोवीस वर्षं पोलिसात बंदोबस्त करणाऱ्याला काय? पाठोपाठ अमेरिकेतला एखादा व्हिडिओ फिरू लागतो. शवपेटीवरचा झेंडा दोन सैनिक घडी करून पत्नीच्या हातात देतात. पोलीस कंट्रोल रूम वायरलेसवर मृताचा नंबर पुकारते, उत्तर येत नाही, पुन्हा पुकारते, आणि मग त्याची ड्यूटी संपल्याचं जाहीर होतं. खाली शेरे: 'बघा, याला म्हणतात कदर.'

इथे अमेरिकेत, सेंट लुइसमधून हा वाद वाचताना वाटतं, की व्हिडिओत दिसतं ते नाही मिळालं तरी चालेल. त्याच्या आधी अंत्यविधीवाल्याच्या टेबलावर जो कागद ठेवावा लागतो, तो मात्र आपल्याकडे हवा.

आधी जे दिसतं ते. कुटुंबाने मागणी केली, तर माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी पाठवायचे, त्यातला एक त्याच्याच दलाचा, हे इथे २००० सालापासून कायद्याने बंधनकारक आहे. झेंडा साडेनऊ फूट बाय पाच फूट. अर्ज भरला की तो पोस्टातूनही फुकट मिळतो, पण एका माणसाला एकच. तेरा घड्यांनी त्याचा त्रिकोण होतो. बाहेर फक्त निळा भाग आणि तारे राहिले पाहिजेत, लाल पट्टी डोकावली तर घडी चुकली. बिगुलाची धून चोवीस सुरांची. वाजवणारे मात्र पुरत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी बिगुलाच्या तोंडात एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. सैनिक बटण दाबतो, बिगुल ओठांना लावतो आणि ध्वनिमुद्रण वाजतं. हे सगळं नियमात बसतं. व्हिडिओ बघून हेलावणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, आणि खरं तर त्याने काही बिघडतही नाही. वायरलेसच्या पुकाऱ्याला तर कायद्याचा आधारच नाही, ती त्या त्या खात्याची रीत.

आता तो कागद. त्याचं नाव डीडी-२१४. फौजेतल्या पूर्णवेळ सेवेतून बाहेर पडताना तो मिळतो. भरती कधी, सुटका कधी, हुद्दा, कामाचा प्रकार, पदकं, परदेशातली सेवा आणि वर्तणुकीचा शेरा, सगळं त्यात थोडक्यात असतं. झेंडा, दोन सैनिक, लष्करी दफनभूमीतली जागा यांसाठी हा कागद मागतात, आणि मृत्युलेखातला मजकूरही बराचसा त्यातूनच उतरतो. 'दोन वर्षं जर्मनीत, पुढे बावीस वर्षं शहर पोलिसात' असं इथल्या मृत्युलेखात नेमकं लिहिता येतं, कारण कुणीतरी ते आधीच टाइप करून ठेवलेलं असतं. (वर्तमानपत्रात त्या मजकुराचे ओळीवर पैसे पडतात, म्हणजे आयुष्य किती लांब छापायचं ते खिसा ठरवतो. आणि नोकरीतल्या तक्रारी इथेही कुणी छापत नाही.)

एका कागदावर एवढी भिस्त ठेवली की काय होतं, हे सेंट लुइसने पाहिलंय. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर इथल्या लष्करी अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्याला आग लागली. एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या ८० टक्के नोंदी त्यात होत्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. आजही त्या काळातल्या कुणाची सेवा सिद्ध करायची तर पगाराची व्हाउचरं, इस्पितळाच्या नोंदी किंवा काउंटी कचेरीत नोंदवलेली एखादी प्रत जोडून माणूस पुन्हा उभा करावा लागतो.

१२ जुलै म्हटलं की पुणेकराला दुसरंच काही आठवतं. १९६१ साली त्याच तारखेला पानशेत फुटलं, पेठांतल्या वाड्यांत पाणी शिरलं आणि ट्रंकांतले कागद गाळात गेले. कागद एकाच जागी ठेवू नये हे आपल्याला या लोकांच्या बारा वर्षं आधी कळायला हवं होतं.

पण आपली निधनवार्ता बघा. 'सेवानिवृत्त पोलीस उपनिरीक्षक अमुक (वय ७९) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' सुनांची नोंद आहे, पलटणीची नाही. फार तर 'सेवाकाळात दोनशेहून अधिक बक्षिसे' एवढं असतं. कशाबद्दल, ते नाही. घरच्यांनी लपवलेलं नसतं, त्यांना माहीतच नसतं. फौजेचं डिस्चार्ज बुक गावाकडे, पोलीस खात्याचं सेवापुस्तक कचेरीत, आणि बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा खात्यातला क्रमांक, जिल्हा बदलला की बदललेला, त्यामुळे जुन्या ठाण्यात चौकशी करायची तर कुठला नंबर सांगायचा हाच प्रश्न.

हे फक्त आठवणीपुरतं असतं तरी सोडून दिलं असतं. पण हाच घोळ पेन्शनमध्ये जातो. अशा माणसाची पेन्शन दोन ठिकाणांहून येते. फौजेची आता 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर, पोलिसाची राज्याच्या कोषागारातून. दोन पीपीओ (पेन्शन मंजुरीचे आदेश), दोन्हीकडे मृत्यूचा दाखला वेगळा द्यायचा. पूर्वी पत्नीला दोन्हींपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन घेता येई. केंद्राने ती आडकाठी २४ सप्टेंबर २०१२ पासून काढली. तरी काम अडतं ते नावावर. लग्नानंतर पलटणीत कळवलेलं नाव 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी', आणि जन्मतारीख तिसरीच. ही दुरुस्ती तो हयात असताना त्याच्या अर्जावर तुलनेने सोपी असते. नंतर प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे.

रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं तर लष्करी क्रमांक आधी शोधा, नुसत्या नावावर काही हाती लागत नाही. डिस्चार्ज बुक नसेल तर पीपीओ किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्रावर तो सापडतो. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी अभियंत्यांचं, रेकॉर्ड खडकीतच आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पोलिसाच्या बाजूने दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची दुसरी प्रत, घेऊन ठेवायची सोय आहे, पण निवृत्तीआधी मागणारे थोडे.

म्हणून इतमामाच्या वादात मी मानवंदनेच्या बाजूने उभा नाही. वैकुंठ स्मशानभूमीत चार शिपाई उभे करणं एका आदेशाचं काम आहे, आणि जमलेल्यांना ते आवडेलही. मागायचंच तर हे मागा: निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि ग्रुप फोटोबरोबर एक सहीशिक्क्याचं पान. प्रत्येक ठाणं, प्रत्येक बक्कल नंबर, तारखा, बक्षिसं आणि ती कशाची. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. मग निधनवार्ता अशी लिहिता येईल:

'१९६४ साली खडकीला सॅपर म्हणून भरती. १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर, पश्चिमी स्टार. १९७९ साली नाईक हुद्द्यावरून निवृत्त. १९८० साली माजी सैनिकांच्या कोट्यातून पुणे शहर पोलिसात शिपाई. चार ठाणी, दोन वर्षं वाहतूक शाखा, सहा वर्षं मुद्देमाल कारकून. २००४ साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त. पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे.'