घरी कुणी नाही, मी आहे

आमच्या घरात दिवसभर मी असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या कुत्र्याचं मत वेगळं आहे. बायको बँकेत आणि पोरं शाळेत गेली की त्याच्या हिशेबी घर रिकामं. मी तीन फुटांवर लॅपटॉप उघडून बसलेला असलो तरी तो दाराकडे तोंड करून असा गळा काढतो की खालून वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, "साहेब, कुत्रं एकटंच आहे का घरात?"

यावर मी काय सांगायचं?

कुत्र्याचं नाव गुंड्या. जात पार्किंगची. नावाला जागेल असं त्याने आजवर काही केलेलं नाही, मांजर दिसली की तो रस्ता बदलतो. एप्रिल-मे त्याचे सुखात जातात. अर्णव आणि मुक्ता दिवसभर त्याच्या अंगावर लोळत असतात. मग जून उजाडतो, अप्पा बळवंत चौकातून वह्या येतात, तपकिरी कव्हरं चढतात आणि एका सकाळी पावणेसातला व्हॅनकाका हॉर्न देतात. त्या क्षणी गुंड्याचं जग बुडतं. गेल्या वर्षी त्याने एक कंपासपेटी, बुटांची एक जोडी आणि भूगोलाचं पुस्तक खाल्लं. माझी कोल्हापुरी तिथेच दाराशी पडलेली होती. तिला दातसुद्धा लावला नाही.

"ज्या वस्तूंना आवडत्या माणसांचा वास असतो ना, त्याच जास्त चावतात," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. मी कोल्हापुरीचा विषय काढला नाही. ते पुढे म्हणाले, "घरात बाकीचे असले तरी ठरावीक माणूस नसलं की काही कुत्री अशीच बेचैन होतात."

"म्हणजे मी..."

"तुम्ही आहातच हो," डॉक्टर मला धीर देत म्हणाले.

ते असंही म्हणाले की नंतर रागावू नका. तासाभरापूर्वी फाडलेल्या पुस्तकाचा आणि आत्ताच्या ओरड्याचा संबंध कुत्र्याला लागत नाही. तो जो अपराधी चेहरा करतो तो आपला चढलेला आवाज ऐकून. तर यंदा तयारी शाळा सुरू व्हायच्या आधीच करायची ठरली. दप्तर उचललं, बूट घातले, दाराची कडी वाजली की आता पोरं जाणार, हे कुत्र्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते मोडायचं, तर या सगळ्या गोष्टी कुठेही न जाता करत राहायच्या. दप्तर घ्या, दारापर्यंत जा, परत येऊन बसा. मग दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच. आणि जाताना-येताना लाडाकोडाचा समारंभ नको.

उपाय उत्तम आहे. फक्त मे महिन्यात सकाळी सहाला उठून दप्तर पाठीला लावेल असं मूल आमच्या कोथरूडमध्ये अजून जन्माला यायचंय. म्हणून मुलांचं काम मी करायला लागलो. मुक्ताचं युनिकॉर्नवालं दप्तर पाठीवर, गळ्यात पाण्याची बाटली, अशा थाटात लिफ्टपर्यंत जायचं, उभं राहायचं, परत यायचं. गुंड्या एक डोळा उघडून बघायचा आणि झोपायचा. मला वाटलं, जमलं! बायको म्हणाली, "अरे, तो तुझ्या जाण्याला सरावलाय. त्याला त्याचं आधीपासूनच काही नव्हतं."

आणि लिफ्टपाशी एकदा शेजारचे काका भेटलेच. त्यांनी मला युनिकॉर्नसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय, यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय वाटतं?" पुण्यात माणूस अडचणीत असला की शेजारी आधी वाक्य तयार करतात, मग वाटल्यास मदत.

दुसरा उपाय वासाचा. मुलांचा न धुतलेला कपडा त्याच्या अंथरुणात ठेवायचा. जूनमध्ये आमच्याकडे मोजे धुतले तरी वाळत नाहीत आणि वाळले तरी वास जात नाही, त्यामुळे माल भरपूर होता. अर्णवचा फुटबॉलचा मोजा ठेवला, गुंड्या त्यावर हनुवटी टेकून शांत झोपला. प्रयोग म्हणून मी माझा बनियन शेजारी ठेवला. त्याने तो अलगद तोंडात धरला, गॅलरीत नेऊन टाकला आणि परत येऊन मोज्यावर झोपला.

तिसऱ्या उपायाने मात्र घर हललं. आतून पोकळ रबरी खेळणं असतं. त्यात खाणं भरून फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि पोरं निघायच्या बेतात असताना पुढ्यात ठेवायचं. ते चाटून चाटून संपवण्यात कुत्र्याचा वेळ जातो आणि चाटण्याने जीवही शांत होतो. डॉक्टरांनी शेंगदाण्याचं बटर सुचवलं, पण डब्यावर झायलिटॉल नाही ना ते बघून घ्या म्हणाले, ते गोड रसायन कुत्र्याला विष. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट तर नकोच. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आईला हे कळलं तेव्हा ती भारावलीच. "बारा महिने कांदा-लसूण नाही? चला, खानदानात एकजण तरी चातुर्मास पाळतो!" मग दहीभात भरायचं ठरलं. तो बिनफोडणीचा आणि बिनमिठाचा हवा, हे ऐकून तिने हळूच विचारलं, "आजारी आहे का रे तो?"

शिवाय पहाटे टेकडी. व्हॅन यायच्या आधी त्याला भरपूर हुंगू द्यायचं, त्याने कुत्र्याचं डोकं थकतं. म्हातोबा टेकडीवर भर पावसात गुंड्या प्रत्येक झुडपाचा सातबारा तपासतो. मी छत्री धरून उभा असतो, छत्री त्याच्यावर.

तर यंदा शाळा सुरू झाली आणि फारसा गळा निघाला नाही. दुपारी दोनला मात्र अजून दंगा होतो. माणसाचा कान २०,००० हर्ट्‌झला थांबतो, कुत्र्याचा ४०,०००च्याही पुढे चालतो. व्हॅन कर्वे पुतळ्यापाशी असतानाच हा दाराशी नाचायला लागतो. त्याच कानांना "गुंड्या, इकडे ये" हे चार हातांवरून ऐकू येत नाही. दुपारी दोन ही पुण्यात भुंकायची वेळ नव्हे, हे काकांनी लिफ्टमध्ये चिठ्ठी चिकटवून कळवलं. चिठ्ठीत कुत्र्याला 'आपण' म्हटलं होतं.

मधल्या वेळात तो काय करतो ते बघायला बायकोने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. पहिल्याच दुपारी तिचा मेसेज आला : तो उठलाय. तू कधी उठणार?

मग गेल्या आठवड्यात पावसाचा रेड अलर्ट आला, शाळांना सुट्टी. पोरं गुंड्याच्या गळ्यात पडली. त्याने शेपटी हलवली, मान सोडवून घेतली आणि फ्रीजसमोर जाऊन बसला. पावणेसात झाले होते. "बाबा, त्याला सांग ना आज आम्ही घरी आहोत," मुक्ता रडवेली झाली. त्याने फ्रीजकडे बघून एकदाच, कामापुरतं भुंकून घेतलं. खेळणं दिल्यावर ते घेऊन तो थेट माझ्या टेबलाखाली आला आणि चाटायला बसला. नऊला माझी मीटिंग सुरू झाली तरी ते चालूच होतं. बंगळुरूच्या साहेबांनी बोलता बोलता थांबून विचारलं, "पुण्यात पाऊस फार आहे का?"

मी म्हटलं, "हो सर, आत शिरलाय."