पंखा बंद करा, मेणबत्तीचा फोटो चाललाय

लोणच्याची बरणी, क्रोशाची पिशवी, लाकडी पोळपाट या वस्तू फोटोसाठी मांडल्या की निमूट बसून राहतात. मेणबत्तीचं तसं नाही. पेटवली की ती आपला प्रकाश बाजूला सारून स्वतःचा पाडायला लागते. हलते, वितळते, काजळी धरते आणि फोटो मनासारखा येईपर्यंत विकण्याच्या लायकीची उरत नाही. घरी मेणबत्त्या ओतून विकणाऱ्या आम्हा मंडळींना शंभर ग्रॅम मेणाला आठ ग्रॅम सुगंधी तेल, जारच्या व्यासाप्रमाणे वातीची जाडी, ही गणितं झोपेतही येतात. घोडं अडतं ते फोटोपाशी.

पहिला वैरी पंखा. तो एकवर फिरत असला तरी ज्योत एका अंगाला कलते आणि जारच्या काचेवर त्याच बाजूला काळा पट्टा उमटतो. म्हणून पंखा बंद, एसी असेल तर तोही बंद. खिडकीतून उजेड हवा पण वारा नको, म्हणून तावदानं लावलेली. एप्रिल-मे महिन्यांत या खोलीत जे काही चालतं त्याला फोटोग्राफी म्हणतात, हे बाहेरून बघणाऱ्याला पटत नाही. पाच मिनिटांत घरातलं कोणीतरी येतं, "पंखा कोणी बंद केला?" म्हणतं आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबतं. आजी असल्या तर "भरदुपारी मेणबत्त्या कशाला लावल्यात गं?" हा प्रश्न वेगळा. बटणावर चिकटपट्टी लावावी. चिठ्ठी लावून भागत नाही, चिठ्ठी कोणी वाचत नाही.

घाम फक्त आपल्यालाच येतो असं नाही, मेणबत्तीलाही येतो. खोली तापली की मेणातलं सुगंधी तेल थेंबाथेंबाने वर येतं आणि फोटोत ते पुरळ आल्यासारखं दिसतं. टिश्यूच्या टोकाने टिपायचं, पुसायचं नाही. पुसलं की तेवढाच भाग तुळतुळीत चमकतो. जारमध्ये भरायचं सोया मेण साधारण 46 ते 50 अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि नागपूरचा मे महिना 45 च्या घरात असतो. तिथे पश्चिमेच्या उन्हात जार ठेवून "सोनेरी प्रकाश" पकडण्याचा उत्साह कोणी करू नये. प्रकाश सापडतो, मेणबत्ती सापडत नाही.

आता उजेड. मेणबत्तीच्या ज्योतीचं रंगतापमान सुमारे 1900 केल्विन, म्हणजे नारिंगी. दुपारचा खिडकीतला उजेड साडेपाच हजारांच्या आसपास, ढगाळ असेल तर आणखी वर, म्हणजे निळसर. यात घरच्यांनी प्रेमाने "अंधार वाटतोय" म्हणून ट्यूब लावली की तिसरा रंग. अशा वेळी पांढरं मेण एका बाजूने पिवळं, दुसऱ्या बाजूने निळं आणि मधे हिरवट दिसतं. कोणतंही ॲप हे पूर्ववत करून देत नाही, कारण एक रंग सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून नियम एकच: घरातले सगळे दिवे बंद, खिडकी एकटी. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली रंगाची जुळणी) खिडकीच्या उजेडाला लावायचा आणि ज्योत नारिंगी राहू द्यायची, ती नारिंगीच असते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर फोन कधी ज्योतीकडे बघून ठरवतो, कधी भिंतीकडे, आणि एकाच मालाचे दोन फोटो दोन दुकानांतले वाटतात.

संध्याकाळी दिव्यावरच काम करायची वेळ आली तर 95 च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण) असलेला एलईडी घ्या आणि शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तेवढा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंदाला ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि चोकवाल्या ट्यूबा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. यांहून वेगळ्या शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात आणि आपण उगाच फोनला शिव्या घालतो. रिंगलाइटबद्दल माझं मत विचारू नका. तरी सांगतेच: प्रत्येक जारवर एक पांढरी बांगडी उमटते आणि तिथून ती हलत नाही.

फोनवर काढणार असाल तर लेबलवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) तिथेच कुलूपबंद होतं. मग बोट खाली ओढून फोटो थोडा काळोखा करा. पेटलेल्या मेणबत्तीत ज्योत आधी जळते, म्हणजे मेणावर नव्हे, फोटोत; तिचा पांढरा ठिपका होतो आणि आतली निळी बुडखी, मधला काळसर भाग, वरचं पिवळं टोक, सगळं नाहीसं होतं. न पेटवलेल्या पांढऱ्या मेणाला नेमकं उलटं. कॅमेरा सगळं जग मध्यम करडं समजतो, त्यामुळे पांढरं मेण राखेसारखं येतं. तिथे एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वर न्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आणि मुख्य कॅमेरा जारच्या तोंडाशी नेऊ नका, जारचं तोंड टोपलीएवढं आणि बूड वाटीएवढं दिसतं. दोन पावलं मागे सरून 2x ने घ्या. उंची अशी की जारच्या तोंडाची लंबगोल कड आणि मेणाचा पृष्ठभाग जेमतेम दिसावा. त्याहून वर गेलात की जार खाली निमुळता होत जातो.

कॅमेरा आणि ट्रायपॉड असणाऱ्यांचं दुखणं वेगळं. लेबल आणि वात दोन्ही स्पष्ट हवी तर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/8 ला न्यावं लागतं. पावसाळी दिवशी खिडकीजवळ आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 100 ला मग शटर पाव सेकंदापर्यंत उतरतं. पाव सेकंदात ज्योत तीन वेळा विचार बदलते आणि फोटोत पिवळा कापूस येतो. ज्योत ज्योतीसारखी हवी तर 1/60 ते 1/125 हवं, पण तेवढ्यात जार अंधारात जातो. हे भांडण मिटवायचा सरळ मार्ग म्हणजे दोन फोटो. ट्रायपॉड न हलवता आधी न पेटवलेल्या जारचा पाव सेकंदाचा, मग पेटवून ज्योतीचा 1/100 चा. नंतर संगणकावर दुसऱ्यातली ज्योत आणि तिच्याभोवतीची मेणावरची लाली पहिल्यावर मास्कने, म्हणजे बाकीचा भाग झाकून, आणायची. काहींना ही फसवणूक वाटते. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. तेव्हा फसवतो कॅमेरा. नुसती ज्योत चिकटवून मेणावरची लाली विसरली, तर मात्र ती खरंच फसवणूक दिसते.

जारची काच हा स्वतंत्र संसार आहे. तिच्यात खिडकी दिसते, खिडकीचे गज दिसतात, ट्रायपॉड दिसतो आणि मधोमध फुलाफुलांच्या गाऊनमधल्या आपण दिसतो. गिऱ्हाईक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतं, मग लपणार काही नाही. फोटो काढताना काळा किंवा गडद कुडता घाला. खिडकीवर जुन्या पांढऱ्या मलमलच्या साडीचा एक पदर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगा, म्हणजे गज जाऊन काचेवर एक सलग उभा उजळ पट्टा येतो. तो चांगला दिसतो, राहू द्या. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा, सावली हलकी होते. पारदर्शक काचेची कड पार्श्वभूमीत विरघळत असेल तर जारच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या अगदी बाहेर, काळ्या कार्डशीटच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या उभ्या करा. काचेला पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी कड येते. तपकिरी काचेला उजळवायला मागे मिठाईच्या खोक्याचं सोनेरी पुठ्ठं लपवतात. ती युक्ती सरबताच्या बाटलीला लागू पडते. मेणाने भरलेल्या जारमधून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे वरची रिकामी दोन बोटं काय ती उजळतात.

मेण थंड होताना आकसतं आणि काचेपासून कुठेकुठे सुटतं, तिथे ओलसर डाग पडल्यासारखं दिसतं. माल वाईट नसतो, जळायलाही काही फरक पडत नाही, पण फोटोत "हे काय?" होतं. जार हळूहळू फिरवून बघा, प्रत्येकाला एक बरी बाजू असतेच. लेबल नंतर त्या बाजूला चिकटवायचं. आधी लेबल लावून मग बाजू शोधणारे लोक त्या दिवशी घरात कोणाशी नीट बोलत नाहीत. लेबलची कड सुटली असेल तर नखाने दाबू नका, नखाची रेघ दिसते. मऊ कापड घेऊन मधून बाहेर दाबा.

वरचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर हीट गन लांबून फिरवून तो वितळवून सपाट होऊ द्यायचा. पेटलेल्या मेणबत्तीचा देखणा फोटो म्हणजे काठापर्यंत पसरलेलं पारदर्शक वितळलेलं मेण. ते आपोआप व्हायला व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास लागतो, म्हणजे तीन इंची जारला तीन तास. तेवढ्यात सूर्य शेजारच्या इमारतीमागे जातो. म्हणून हीट गननेच वरचा थर वितळवायचा आणि वात अगदी शेवटी पेटवायची. वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवा. लांब राहिली की टोकाला काळं बोंड धरतं आणि काजळी सुटते. काडेपेटी वापरू नका, काडीच्या गुलाचा कण मेणात पडतो आणि पांढऱ्या मेणात तो डोंगराएवढा दिसतो. लांब मानेचा लायटर घ्या. विझवताना फुंकर नाही: चिमट्याने वात वितळलेल्या मेणात बुडवायची आणि लगेच सरळ उभी करायची, म्हणजे धूर होत नाही आणि वात पुढच्या फोटोला तयार राहते. एकदा पेटवलेला जार मात्र नवा म्हणून विकायचा नाही. दर मालामागे एक जार फोटोच्या नावाने बाजूला काढावाच लागतो, किमतीत तो धरा.

विझताना वर जाणाऱ्या धुराचा काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सगळ्यांना हवा असतो. मागून-बाजूने उजेड टाकला की तो येतोही छान. पण मोगऱ्याच्या मेणबत्तीच्या जाहिरातीत धूर दाखवला, तर बघणाऱ्याच्या नाकात मोगरा येत नाही, जळकी वात येते. मी तो फोटो काढते आणि लावत नाही.

धंदा दिवाळीचा, म्हणजे फोटो ऐन पावसात. गणपतीच्या आत सगळे फोटो तयार हवेत, आणि तेव्हा आभाळ असं असतं की सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा यांत फरक कळत नाही. खरं तर ढगाळ उजेड सगळ्यात मऊ, सावल्या नाहीत, चकाकी नाही. कमी असतो एवढंच; ट्रायपॉड घ्या. तेवढ्यात वीज जाते. घरभर मेणबत्त्या, पण लावायला एकही नाही: या फोटोच्या, त्या ऑर्डरच्या, आणि याची वात अजून पांढरी आहे. घरचे मोबाइलच्या टॉर्चवर जेवतात.

सजावटीला वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनी, कॉफीच्या बिया मांडा, पण न पेटवलेल्या मेणबत्तीभोवती. पेटलेल्या जारच्या आत तर नाहीच, त्या दुसऱ्या वातीसारख्या पेट घेतात. मलमलची साडी ज्योतीपासून हातभर लांब असू द्या. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. वरून धातूचं झाकण टाकायचं. फोटोच्या वेळी ते हाताशी हवं, स्वयंपाकघरात नको. पार्श्वभूमीवर पैसे घालवू नका. सनमायकाच्या दुकानातले नमुन्याचे तुकडे, एखादी उरलेली फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा एवढ्यात वर्ष निघतं.

सोबत पितळी निरांजन किंवा तांब्या विकत असाल तर माझी सहानुभूती आहे. आधी पीतांबरीने घासा, मग सुती हातमोजे घाला, मग चारी बाजूंनी पांढरी चादर धरून एका भोकातून फोटो काढा. काचेची चकाकी पोलरायझर फिल्टरने थोडी मारता येते, धातूची नाही. तांब्याच्या पोटात आपला चेहरा येणारच, निदान केस विंचरलेले असावेत.

ॲमेझॉनवर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे 255, आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापलेला हवा. झूम व्हायला मोठी बाजू किमान 1000 पिक्सेल. पांढऱ्यावर पांढरं मेण ठेवून ते दिसलंही पाहिजे, इथे पुन्हा त्या काळ्या पट्ट्याच उपयोगी पडतात. पण 85 टक्के भरलेल्या चौकटीत दोन इंची मेणबत्ती तांब्याएवढी वाटते आणि पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक रुसतं. दुसऱ्या फोटोत शेजारी काडेपेटी ठेवा, तिचं माप महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मोतीचूर लाडवाच्या आकाराची मेणबत्ती असेल तर वात ठळक दिसेल असा कोन घ्या आणि "खाण्यासाठी नाही" हे फोटोवरच लिहा. वर्णनात लिहिलेलं लाडू खाऊन झाल्यावर वाचतात.

गिऱ्हाइकाला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप तो दाबून बारीक करतं आणि लेबलवरची अक्षरं मुंग्या होतात. एवढं सगळं केल्यावर, मलमल, पुठ्ठं, काळ्या पट्ट्या, दोन एक्सपोजर, बंद पंखा, पलीकडून उत्तर येतं: "छान आहे ताई. वास कसा आहे? त्याचा एखादा फोटो असेल तर टाका ना."